दसरा, दारफाळणी आणि आयंबिलाची ओळी

बुधवार, १ ऑक्टोबर

नवमीच्या रात्री ठाण्याचा टेंभी नाका बघायचा असेल, तर आधी धक्के खायची तयारी ठेवावी. आनंद दिघे यांनी सुरू केलेला इथला देवीचा उत्सव, दरवर्षी एखाद्या मोठ्या मंदिराची प्रतिकृती असलेला देखावा, आणि दर्शनाची रांग कुठे सुरू होते तेच न कळावं इतकी माणसं. पण मी मिरजेहून रात्रीची गाडी पकडून आले ती फक्त देवीसाठी नव्हे. याच नाक्याच्या आसपास, चालत जाण्याइतक्या अंतरावर, ज्यूंचं एक सिनेगॉग, पारशांची एक अग्यारी आणि एक नावाजलेलं जैन देरासर आहे. आणि यंदा, २०२५ साली, पंचांगांनी असा मेळ घातला होता की नवमीच्या सूर्यास्ताला ज्यूंचा योम किप्पूर, म्हणजे प्रायश्चित्ताच्या उपवासाचा दिवस, लागणार आणि दसऱ्याला सुटणार. जैनांची नवपद ओळी, म्हणजे नऊ दिवसांचं व्रत, मध्यावर आलेली. दसऱ्यालाच बौद्धांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. आणि पाठोपाठच्या रविवारी ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोकांचा आगेरा. मावशी नौपाड्यात राहते. फोनवर म्हणाली, "ये की. पण पर्समध्ये ओढणी ठेव आणि काढता-घालता येतील अशा चपला घाल. इथे दर दाराचा नियम वेगळा."

दुपारी देरासरात गेलो. मुनिसुव्रतस्वामींचं हे मंदिर, आणि श्रीपाल राजाची गोष्ट इथल्या माणसांच्या तोंडी आहे: महारोगाने पिडलेला श्रीपाल, आयंबिल करून त्याला बरं करणारी मयणासुंदरी, आणि पुढे समुद्रमार्गे फिरत ठाण्याला पोचलेला राजा. आश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नऊ दिवस ओळी. आयंबिल म्हणजे दिवसातून एकदा जेवायचं, तेही तूप, तेल, दूध, दही, साखर, गूळ, भाजी यांच्याशिवाय. काही जण एकधान्याचं करतात: पहिल्या दिवशी तांदूळ, मग गहू, चणाडाळ, मूग, उडीद, आणि उरलेले दिवस पुन्हा तांदूळ. नवपदांच्या रंगांप्रमाणे पांढरं, लाल, पिवळं, हिरवं, काळं. बाहेर रस्त्यावर बायका वर्तमानपत्रांनी रूढ केलेल्या नवरंगांच्या साड्या नेसून चालल्या होत्या आणि आत तेच रंग ताटात उतरले होते.

आयंबिलाच्या पंगतीत एक आजी कोरडे मूग चमच्याने खात होत्या. मी शेजारी बसले तर म्हणाल्या, "आज पाणीपण उकळलेलंच, आणि तेही सूर्यास्तापर्यंतच. तू इथे खाऊ नकोस हं, हे पच्चक्खाण, म्हणजे व्रताचा संकल्प, घेतलेल्यांसाठी आहे." नाही म्हणायची पद्धत इतकी सरळ की वाईट वाटायला वावच राहिला नाही.

संध्याकाळी सिनेगॉगच्या रस्त्याने आलो. शआर हाशामायिम, १८७९ सालचं. पांढऱ्या कपड्यांतली माणसं भराभर आत जात होती. फाटकाशी पोलीस बसलेले. २००८ साली मुंबईत ज्यूंच्या नरिमन हाऊसवर हल्ला झाला, तेव्हापासून सिनेगॉगच्या बंदोबस्ताचं कुणाला नवल वाटत नाही. सूर्य बुडाला आणि फाटक बंद झालं. तिकडे नाक्यावर ढोल सुरू झाले.

गुरुवार, २ ऑक्टोबर

दसऱ्याचा दिवस मी सगळ्यात लांब लिहिणार आहे, कारण त्या एका सकाळीच माझं काम झालं.

सहाला उठून श्रीनगरच्या अय्यप्पा मंदिरात. मल्याळी घरांत विजयादशमीला मुलाला पहिलं अक्षर गिरवायला बसवतात, विद्यारंभम. दोन-अडीच वर्षांची पोरं, कसवूच्या काठाची चिमुकली मुंडू, डोळ्यांत झोप. गुरुजी मुलाला मांडीवर घेतात, सोन्याच्या अंगठीने त्याच्या जिभेवर अक्षर काढतात, मग त्याचं बोट धरून ताटातल्या तांदळांत 'हरिश्री गणपतये नमः' लिहवतात. एक मुलगा तांदळाच्या ताटाकडे बघून इतका हरखला की मूठ भरून तोंडात घातली. आई ओरडली, गुरुजी हसले आणि त्याच मुठीतलं बोट मोकळं करून पुढचं अक्षर गिरवून घेतलं. पाठीमागे रांगेत एक मराठी जोडपंही होतं. वडील म्हणाले, "आमच्याकडे पाटीपूजन असतं, पण इथलं मला आवडतं, मुलगा आजच्या दिवशी बसून राहतो." मंदिराच्या नियमांची पाटी दाराशीच होती: पुरुषांनी शर्ट काढावा. मराठी वडिलांनी शर्ट काढून खांद्यावर टाकला होता, आणि बनियनबद्दल काय करायचं हे कुणाला तरी विचारत होते.

तिथून वागळे इस्टेटमधल्या एका विहारात. आम्हाला नेणाऱ्या होत्या मावशीच्या मजल्यावरच्या ताई, निवृत्त परिचारिका. पांढरी साडी, निळं काठपदर. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धम्मदीक्षा घेतली तो दिवस दसऱ्याचा होता. म्हणून कुणी तारखेने पाळतं, कुणी अशोक विजयादशमीला, आणि बरेच जण दोन्ही. विहारात वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झालं, मग सगळ्यांनी उभं राहून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, त्यांची उपासना करणार नाही. गौरी-गणपतीला देव मानणार नाही. श्राद्धपक्ष करणार नाही. शंभरेक आवाजांत, स्पष्ट.

तासाभरापूर्वी मी गणपतीचं नाव तांदळात लिहिताना बघून आले होते. इथे त्याच दिवशी, दोन-तीन किलोमीटरवर, त्याच नावाला न मानण्याची शपथ. आपल्याकडे भाषणात 'सगळे धर्म शेवटी एकच सांगतात' हे वाक्य फार सहज येतं. मला ते आळशी वाक्य वाटतं. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या देवळाच्या पायरीपलीकडे जाऊ न दिल्याचा अनुभव घेतला आणि मग जाणूनबुजून वाट बदलली, त्यांना 'शेवटी एकच' म्हणणं म्हणजे त्यांचा निर्णयच पुसून टाकणं.

मावशीने हे वाक्य मला कधी म्हटलेलं आठवत नाही. पण घरी परतल्यावर तिने सगळ्या बिऱ्हाडांना आपट्याची पानं वाटली, 'सोनं घ्या, सोन्यासारखं राहा' म्हणत मजल्यावर फिरली, आणि ताईंच्या दाराशी मात्र पान न काढता श्रीखंडाची वाटी पुढे केली. "जयभीम, ताई. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या शुभेच्छा." ताईंनी आतून खिरीचं भांडं आणून दिलं. मी विचारलं, हे कधी ठरलं? "ठरलं कुठे गं," मावशी म्हणाली, "पहिल्या वर्षी मी सोनं दिलं होतं. त्यांनी घेतलं, पण तोंडावरून कळलं ना मला."

दुपारी बंगाली मंडपात सिंदूरखेला बघितला, म्हणजे लाल रंगाचा गोंधळ बघितला. मावशीच्या पांढऱ्या साडीचं वाटोळं झालं. त्यावर मी आणखी काही लिहीत नाही, ती वाचणार आहे.

संध्याकाळी पुन्हा टेंभी नाका. मिरवणुकांचे ट्रक, ताशे, गुलाल. तीन तारे दिसल्यावर शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचा कर्णा, फुंकून योम किप्पूरचा उपवास सुटतो. फाटकापासून वीस पावलांवर उभी राहून मी कान टवकारले. ताशांपुढे काय ऐकू येणार! माणसं बाहेर पडायला लागली, चेहरे सुकलेले, तेव्हाच कळलं की आत दिवस संपला.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

सकाळी मासुंदा तलावाला वळसा. ठाणेकर याला तलावपाळी म्हणतात. एका अंगाला कोपिनेश्वर: शिलाहारांच्या काळापासूनचं स्थान, हल्लीचं देऊळ १७६० साली सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी बांधवून घेतलेलं, आणि आत मोठं भरदार शिवलिंग. दुसऱ्या अंगाला सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च, पोर्तुगीज काळातलं. मधे पाणी, बोटी, भेळवाले.

ठाण्यातला ख्रिस्ती धर्म मात्र पोर्तुगीजांच्या फार आधीचा. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन साधू इथे मारले गेले: टॉलेंटिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे देमेत्रियस. ते उतरले होते नेस्टोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथातल्या, ख्रिस्ती कुटुंबाकडे. पोर्देनोनेचा फ्रान्सिस्कन प्रवासी ओडोरिक लिहितो की त्या वेळी ठाण्यात अशी पंधरा घरं होती. काझीपुढे धर्मचर्चेचं भांडण झालं आणि त्यातून हा वध. जोर्दानुस नावाच्या साधूने त्यांना पुरलं, आणि नंतर ओडोरिक त्यांच्या अस्थी घेऊन थेट चीनमधल्या झैतून बंदरात, आजच्या च्वानचौला गेला. याच जोर्दानुसने आपल्या टिपणांत अग्निपूजकांचाही उल्लेख केलाय, जे प्रेत पुरत नाहीत, जाळत नाहीत, बिनछपराच्या बुरुजात ठेवतात. सातशे वर्षांपूर्वीच्या प्रवाशानेही ठाण्याच्या परिसरात हेच बघितलं: कोण काय करत नाही.

टेंभी नाक्याची कावसजी पटेल अग्यारी मी बाहेरून बघितली. पारशी नसलेल्यांना आत प्रवेश नाही, आणि त्यात आड-पडदा काही नाही. आत आतश, म्हणजे पवित्र अग्नी, धुपाला सुखड, इतकं ऐकून माहीत. थोडा वेळ भिंतीशी उभी राहिले आणि पुढे निघाले. दार बंद असण्याचा राग येणाऱ्यातली मी होते. या आठवड्यात तो जरा निवळला. म्हणजे सगळा नव्हे. जिथे धर्म तोच असून बाईला किंवा विशिष्ट जातीला बाहेर ठेवतात, तिथला राग मी राखून ठेवलाय.

दुपारी बाजारपेठेत जुम्म्याची गर्दी. नमाज होईपर्यंत दोन अत्तरवाल्यांनी गाड्यावर फडकं टाकलं. मिरजेची असल्यामुळे मला दर्ग्याची सवय आहे, मीरासाहेबांच्या उरुसात पहिला मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो हे आमच्याकडे शाळकरी पोरही सांगेल. मशिदीचं तसं नाही. तिथे बाई पाहुणी म्हणून कुठे उभी राहणार हेच ठरलेलं नसतं. अत्तरवाल्या चाचांनी स्टूल दिलं.

आणि संध्याकाळी, साडेचारच्या सुमारास, ज्यांची मी वाट बघत होते ते आले. काकांचे जुने सहकारी, बेने इस्रायली म्हणजे कोकणातले ज्यू, वय पंच्याहत्तरच्या पुढे, आडनाव अर्थातच रायगडातल्या एका गावाच्या पुढे 'कर' लावलेलं. कालचा उपवास आणि आज भेटीगाठी. "कालची दारफाळणी, आजचा शिळा सण," ते म्हणाले. "आजी दार लावून घ्यायची ते दूधवाल्यालाही उघडत नसे. आज मात्र सगळ्यांकडे जायचं, गरिबाला द्यायचं." ही कोकणातल्या बेने इस्रायलींची जुनी सणांची नावं: नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणी, होळीचा सण. जेरुसलेमच्या देवळाच्या पाडावाचा शोक करायचा तो बिरड्याचा रोजा, कारण त्या दिवशी वालाचं बिरडं. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेली सात जोडपी हे त्यांचं मूळ, अशी परंपरा. पुढे घाणे चालवले आणि शनिवारी बंद ठेवले, म्हणून लोक शनिवार तेली म्हणायला लागले. महाराष्ट्र सरकारने ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला २०१६ मध्ये. "दोन हजार वर्षांनी अर्ज मंजूर झाला," काका म्हणाले. "कागदपत्रं अपुरी असणार," हे गृहस्थ.

मावशीने साबुदाण्याचे वडे केले होते आणि ते मजेत खात होते. मला प्रश्न पडला, बाहेर कोशरचं, म्हणजे ज्यूंच्या खाण्याच्या नियमांचं, कसं जमतं? "वहिनींकडे मांसमच्छी शिजतच नाही. सगळ्या ठाण्यात मला इतकं बिनघोर घर दुसरं नाही." चित्पावनाच्या सोवळ्या स्वयंपाकघराचा असा उपयोग होईल, हे मावशीच्या सासूबाईंच्या स्वप्नातही नसेल. जाताना ते मला म्हणाले, "उद्या शाब्बाथ सुटला की घरी या. मलिदा आहे."

शनिवार, ४ ऑक्टोबर

दिवसा नवी मुंबई. ठाणे-वाशी लोकलने गेले की पाऊण तासाच्या आत वाशी. १९७० साली सिडको आली, ९५ गावांची जमीन घेतली, आखीव सेक्टर पाडले; त्यामुळे इथे सगळ्या धर्मांची स्थळं प्लॉट नंबर असलेली, पार्किंगसकट. मला ती फारशी भिडली नाहीत. वाशीच्या गुरुद्वारात लंगरला बसले, तेवढं खरं. डोक्यावर ओढणी, पायांत काही नाही, रोटी घ्यायची ती दोन्ही हातांची ओंजळ करून. मी एक हात पुढे केला तर वाढणारा मुलगा काही न बोलता थांबला. दुसरा हात आल्यावर रोटी पडली.

त्यापेक्षा मला बेलापूरच्या बाजूचं एक गावठाण आवडलं. काचेच्या इमारतींच्या मधे गावदेवी, शेंदूर ताजा, आणि पायरीवर मासे निवडत बसलेली आगरी आजी. सेक्टर विचारला तर म्हणाली, "सेक्टर त्यांचा. गाव आमचा."

रात्री आकाशात तारे दिसायला हवे होते, दिसले ढग. पण पंचांगात वेळ असते. मलिदा हा एलियाहू हन्नाबी, म्हणजे पैगंबर एलिया, यांच्या नावाने करायचा. नातीला नोकरी लागली, त्याचा नवस. मोठ्या परातीत भिजवलेले पोहे, त्यात साखर, ओलं खोबरं, वेलची, बदाम-बेदाणे. वर डोंगरासारखी रचलेली फळं, खजूर, केळी, सफरचंद, आणि गुलाब. शेजारच्या पेल्यात काळ्या मनुका भिजवून, कोळून केलेलं सरबत, द्राक्षाच्या दारूच्या जागी. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, होते नऊच. खालच्या मजल्यावरच्या एकाला जेवणावरून उठवून आणलं तेव्हा दहा भरले. मग हिब्रूतलं गाणं सुरू झालं, एलियाहू हन्नाबी, आणि चाल अशी की मला आमच्या गल्लीतल्या भजनाची आठवण आली.

यानंतरचं मी अगदी जवळून बघितलं. गृहस्थांनी परातीतून आधी खजूर उचलला, आशीर्वचन म्हटलं, सगळ्यांना दिला. मग केळं, त्याचं आशीर्वचन वेगळं. खजूर झाडाचं फळ. केळीला मात्र झाड मानत नाहीत, ती जमिनीतून उगवणाऱ्यांत जाते. मग गुलाब नुसता हुंगायला, सुवासाचं आणखी वेगळं. शेवटी पोहे. प्रत्येक गोष्ट कुठून आली हे सांगितल्याशिवाय तोंडात जात नव्हती. नात हळूच म्हणाली, "लहानपणी मी आशीर्वचनं पाठ केली ती फक्त लवकर खायला मिळावं म्हणून." पुढच्या वर्षी ती इस्रायलला जायच्या विचारात आहे. आजोबांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मला दुसऱ्यांदा पोहे वाढले.

रविवार, ५ ऑक्टोबर

पोखरण रोडच्या बाजूच्या एका चर्चमध्ये आगेरा. नव्या भाताच्या लोंब्यांना आशीर्वाद द्यायचा सण, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. शेतं गेली, टॉवर आले. लोंब्या यंदा कुणाच्या तरी मुरबाडच्या नातेवाइकांकडून. पण बायकांची लुगडी, केसांत अबोली, वाजंत्री आणि मराठी मिस्सा. हे लोक मूळचे इथलेच, साष्टी-वसईचे. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी घेतलं १८८७ साली, राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवात, नोकऱ्यांसाठी बाहेरून आलेल्या ख्रिस्ती मंडळींहून आपण वेगळे हे कंपनी सरकारच्या वेळेपासूनच्या चाकरीचा हवाला देऊन सांगायला.

एका बाईंनी फुग्या आणि बॉटल मसाल्याचं कोंबडीचं जेवण वाढता वाढता उंबराच्या पाण्याचं सांगितलं. लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत विहिरीवरून पाणी आणायचं आणि त्याने नवरा-नवरीला न्हाऊ घालायचं. "विहीर बुजवली बिल्डरने. आता नळाचं आणतो, पण वाजतगाजतच." पाद्रींना चालतं का? "फादर पण ईस्ट इंडियनच आहेत," त्या म्हणाल्या.

सोमवार, ६ ऑक्टोबर

आज कोजागरी, आणि सूर्यास्ताला ज्यूंचा सुक्कोथही लागणार. दोन्ही पौर्णिमेचे, चंद्र पाहून महिने मोजणाऱ्यांचे सण असे एकमेकांना धडकतात. माझी गाडी रात्रीची, त्यामुळे गच्चीवरच्या दुधाला मी नव्हते. सकाळपासून मावशीची आकडेमोड मात्र ऐकली. गच्चीवर कोण कोण? मजल्यावरच्या ताई येणार, त्या पूजेला बसणार नाहीत, दुधाला बसतील. देरासरातल्या आजी मावशीच्या आता ओळखीच्या झाल्यात, पण त्यांचा आज ओळीचा शेवटचा टप्पा. दूध वर्ज्य आणि सूर्यास्तानंतर काहीच नाही. उरले काकांचे मित्र.

"त्यांना बोलावू नका," मावशी म्हणाली.

"का? दूध तर शाकाहारी," काका.

"आज त्यांचा सण. मटण झालं असणार. मटणावर दूध चालत नाही त्यांना, काही तास जावे लागतात."

"मग बाराला चालेल की. कोजागरीला बाराच वाजतात."

मावशीने थोडा विचार केला आणि फोन लावला. पलीकडून नात बोलली. आज घरी मासळीच आहे, ती चालते दुधाबरोबर, म्हणाली. पण आजोबा दहाला झोपतात. मावशीने दूधवाल्याला तीन लिटरचे साडेतीन सांगितले आणि नातीला म्हणाली, "तू ये मग. आणि येताना वाट्या आण, माझ्याकडे कमी पडतील."